पाचव्याची वाट बघताना

घरच्या ग्रुपवर गेला महिनाभर एकच वाद चाललाय. खेळाडूंना दहावी-बारावीला मिळणारे वाढीव गुण आणि सरकारी नोकरीतलं ५ टक्के आरक्षण ठेवायचं की बंद करायचं? थोरला भाऊ हायस्कूलात शिक्षक आहे. तो म्हणतो, बोगस प्रमाणपत्रांची एवढी प्रकरणं निघाली, आता हे सगळंच बंद करा. वर्षभर अभ्यास केलेल्या पोराच्या पुढं कधी मैदानावर न दिसलेलं पोर निघून जातं, हे त्याला बघवत नाही. त्याचाच मुलगा पोलीस भरतीची तयारी करतोय. त्याचं म्हणणं, अर्धा एकर ऊस आणि दोन म्हशी असलेल्या घरातल्या पोरानं मग करायचं तरी काय? बापलेक एकाच घरात राहतात आणि भांडण मात्र माझ्या फोनवर. शेवटी दोघांनी मलाच विचारलं, तिकडं अमेरिकेत कसं आहे ते सांग.

नोकरी सांभाळून मी इथल्या एका छोट्या कॉलेजच्या मुलांच्या क्रॉस कंट्री संघाला, म्हणजे माळावरून, चढावरून लांब पळणाऱ्या संघाला, पळायला शिकवतो. मुख्य प्रशिक्षक वेगळे आहेत, मी त्यांच्या हाताखाली. आजूबाजूला मक्याची शेतं, थंडी जीवघेणी. हे कॉलेज इथल्या कॉलेज क्रीडा व्यवस्थेच्या तिसऱ्या विभागात येतं, आणि त्या विभागाचा नियमच असा आहे की खेळासाठी शिष्यवृत्ती द्यायची नाही. म्हणजे माझ्या पोरांना पळण्याबद्दल एक डॉलर मिळत नाही. परीक्षेत वाढीव गुण नाहीत आणि नोकरीत आरक्षण तर नाहीच. उलट पूर्णवेळ विद्यार्थी म्हणून ठरलेले विषय घेतले नाहीत, तर शर्यतीच्या रेषेवर उभंही राहता येत नाही. तरी पहाटे सहाला अंधारात तीसेक पोरं बुटांच्या नाड्या बांधत बसलेली असतात.

हे मी घरी सांगितलं तेव्हा भाऊ म्हणाला, "बघ, मी काय म्हणत होतो!" पण माझं म्हणणं ते नव्हतं. ही पोरं कशासाठी येतात ते समजायला क्रॉस कंट्रीचा हिशेब समजून घ्यावा लागतो.

एका संघाचे सात जण पळतात आणि पहिल्या पाचांचे क्रमांक धरले जातात. पहिला आला त्याचा १, चाळिसावा आला त्याचे ४०. पाचांची बेरीज करायची, ज्याची बेरीज कमी तो संघ वर. पाचही जण पहिल्या पाचात आले तर बेरीज होते १५, त्याहून कमी होऊच शकत नाही. सहावा आणि सातवा बेरजेत नसतात, पण समोरच्या संघाच्या पाचव्याच्या आधी पोचले तर त्याचा क्रमांक मागं ढकलतात. आता समजा, एका संघाची पोरं आली ४, १९, २७, ३३ आणि ६८. बेरीज १५१. दुसऱ्या संघात चमकणारं कुणीच नाही, पोरं आली २२, २५, २९, ३४ आणि ३८. बेरीज १४८. चौथा आलेला हिरा ज्यांच्याकडं आहे, तो संघ हरला. पाचव्यानं हरवला म्हणायचं तर तेही चूक, कारण त्या पाचव्याकडं वर्षभर कुणी बघितलंच नव्हतं.

म्हणून शर्यतीच्या दिवशी मी शेवटच्या रेषेवर नसतो. साडेसहा किलोमीटरच्या आसपास एखाद्या चढावर उभा असतो, हातात कागद आणि पेन्सिल. थंडीत पेन चालत नाही. पुढचे निघून जातात, त्यांना ओरडून काही सांगायची गरज नसते. मी वाट बघतो ती पाचव्याची. गेल्या मोसमात आमचा पाचवा होता एक शेतकऱ्याचा मुलगा. उंच, खांदे वर उचलून पळणारा. ऑक्टोबरमधल्या एका पावसाळी शनिवारी त्याच्या डाव्या बुटाचे खिळे चिखलानं भरून बूट पेंडीसारखा झाला होता. छातीवरचा चेस्ट नंबर एका पिनेवर लोंबत होता. मी ओरडलो, "पुढच्या झाडापर्यंत तीन!" त्यानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही, पण झाडापर्यंत त्यानं चौघांना मागं टाकलं. शर्यत संपल्यावर आमचा पहिला आलेला मुलगा स्वतःची वेळ बघायला गेला नाही. रेषेपाशीच गुडघ्यावर हात ठेवून उभा राहिला, पाचवा येईपर्यंत.

आता माझी कॉलेजची गोष्ट. कोल्हापुरातल्या एका कॉलेजात होतो, नाव कशाला घेऊ. बुधवारी शिपाई वर्गात नोटीस घेऊन आला : क्रॉस कंट्रीसाठी नावं जिमखान्यात द्या. रविवारी स्पर्धा. सराव, प्रशिक्षक असलं काही नव्हतंच. दोन जणांकडं बूट होते, बाकीचे अनवाणी किंवा कॅनव्हासच्या बुटात. दहा किलोमीटर काय असतं ते आम्हाला त्या रविवारी सातव्या किलोमीटरला कळलं. आमच्यातला एकजण पहिल्या काहीत आला, त्याची विद्यापीठाच्या संघात निवड झाली, पुढं ब्लेझर मिळाला. बाकीच्यांना केळी, बिस्किटांचा पुडा आणि काही महिन्यांनी प्रमाणपत्र. आमच्यात एक पोरगा होता, त्या दिवशी मागं राहिला, पण चढाला त्याचा श्वास हलायचा नाही. असं फुप्फुस मी नंतर फार थोड्यांचं बघितलं. पुढच्या वर्षी त्यानं नाव दिलं नाही. शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत लागला. अजून तिथंच आहे.

त्या पोराचं काय चुकलं? त्याला मोसम मिळाला नाही. एक रविवार मिळाला.

इथं मोसम म्हणजे ऑगस्टच्या मध्यापासून नोव्हेंबरपर्यंत साधारण चौदा आठवडे. ऑगस्टमध्ये नुसतं सावकाश पळायचं, इतकं सावकाश की शेजारच्याशी बोलता आलं पाहिजे. सप्टेंबरमध्ये चढ. ऑक्टोबरमध्ये हजार-हजार मीटरच्या जलद फेऱ्या, मधे ठरलेली विश्रांती. नोव्हेंबरमध्ये पळणं कमी करत आणायचं आणि मोठ्या शर्यतीला पाय ताजे ठेवायचे. मधे सहा-सात शर्यती. पहिल्या शर्यतीत ओकलेला मुलगा पाचव्या शर्यतीत शांतपणे पळतो, हे मी दर वर्षी बघतो. शरीराला वेळ लागतो, त्याला दुसरा इलाज नाही.

आणि माझ्या पुतण्याचं बघा. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर पळायचं असतं, त्याला २० गुण. ५ मिनिटं १० सेकंदांच्या आत आला तर पूर्ण गुण. म्हणून गडी रोज पहाटे गगनबावड्याच्या डांबरी रस्त्यावर स्टॉपवॉच लावून १६०० मीटर जीव खाऊन पळतो. रोज. दोन महिन्यांत नडगी धरली. मला म्हणतो, "काका, मलम कुठलं लावू?" मी म्हटलं, मलम राहू दे, आधी घड्याळ घरात ठेव. पाच मिनिटांच्या पळण्यातली बरीचशी ताकद श्वासातून येते, आणि श्वास वाढतो तो तासभर सावकाश पळून. त्याला ते पटेना. ज्याच्या गावात पळणं म्हणजे भरती आणि भरती म्हणजे १६००, त्याला तासभर सावकाश पळ म्हणणं चेष्टाच वाटते. यात त्याचा दोष मला दिसत नाही. त्याला दुसरं काही कुणी दाखवलंच नाही.

अविनाश साबळेचं नाव आता घरोघरी आहे. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा मुलगा, २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये, म्हणजे अडथळे ओलांडत पळायच्या शर्यतीत, ८ मिनिटं ११.२० सेकंदात रौप्य. सोन्यात आणि त्याच्यात सेकंदाच्या विसाव्या भागाचं अंतर. हा मुलगा क्रॉस कंट्री पळायला लागला तो सैन्यात गेल्यावर, महार रेजिमेंटमध्ये, २०१५ च्या सुमाराला. त्याच्यातला धावपटू सैन्याला दिसला. आपल्या शाळा-कॉलेजांच्या हातून तो निसटूनच गेला होता. असे किती निसटले असतील, या विचारानं मला रात्री झोप लागत नाही, खरंच लागत नाही.

कोल्हापूरला मोसम म्हणजे काय ते कुणी शिकवायला नको. शाहू स्टेडियमवर पेठांचे फुटबॉल संघ उतरतात तेव्हा काय होतं ते आठवा. पाटाकडील, शिवाजी तरुण, खंडोबा, प्रॅक्टिस, दिलबहार. महिनोन् महिने सामने चालतात. राखीव खेळाडूचं नावसुद्धा पेठेतल्या म्हाताऱ्यांना पाठ असतं. सामना हरला तर गल्लीत चूल पेटत नाही. आणि तालमीत काय असतं? खासबागेचं मैदान शाहू महाराजांनी बांधून घेतलं, त्याला शंभर वर्षं उलटली. तिथल्या मातीत उतरणारा पैलवान तालमीत राहतो, वस्ताद त्याचा खुराक बघतो, झोप बघतो, घरची चिठ्ठी आली तर तीही वाचून दाखवतो. मी इथं जे करतो ते वस्तादाचंच काम आहे. मला ते अमेरिकेनं शिकवलेलं नाही.

मग पळणाऱ्या पोरालाच वस्ताद का नाही?

जागेचं म्हणाल तर असा मुलूख माझ्या इथल्या पोरांनी स्वप्नातही बघितला नसेल. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचा साडेआठशे एकरांच्या आसपासचा माळ. जोतिबाचा चढ. वीस किलोमीटरवर पन्हाळा. दर जुलैत शेकडो पोरं पन्हाळ्याहून पावनखिंडीला चिखल तुडवत, ओढे ओलांडत जातात. त्यासाठी सिंथेटिक ट्रॅक लागत नाही. क्रॉस कंट्रीला माळ लागतो, चढ लागतो, चुन्याच्या फक्कीनं आखलेली वाट लागते आणि एक माणूस लागतो, जो पाचव्याची वाट बघत उभा राहील.

इथलं सगळं सोन्याचं आहे असं मात्र कुणी समजू नये. शिष्यवृत्ती नाही म्हणजे फी भरायचीच, आणि खाजगी कॉलेजांची फी ऐकली तर आपल्याकडच्या माणसाला घेरी येईल. कित्येक छोटी कॉलेजं खेळाचे संघ ठेवतात ते वर्ग भरावेत म्हणूनही. पैशाची ओढाताण झाली की पहिली कुऱ्हाड पडते ती पळणाऱ्यांसारख्या, तिकिटं न विकणाऱ्या संघांवर. वजन कमी केलं की वेळ कमी होते या वेडापायी पोटाला मारणारी पोरं मी बघितलीत, हाडाला चीर जाऊन महिनोन् महिने कुबड्यांवर बसलेली बघितलीत. एका मुलाचे आईवडील चार वर्षांत एकदाही शर्यतीला आले नाहीत. आपल्याकडं पोरगं तालुक्याला पळणार म्हटलं तरी चुलत्यापासून मावशीपर्यंत सगळे जीपमध्ये बसतात. ते इथं नाही.

आणि माझ्या पोरांना नोकरीची काळजी नसते, हे मी विसरत नाही. घरी कर्ज असलेल्या मुलाला इथून मी सांगू शकत नाही की बाबा, गुणांसाठी पळू नकोस, आनंदासाठी पळ. ते बोलण्याचा मला हक्क नाही. म्हणून भावाला माझं उत्तर 'नाही' असं आहे. गुण काढू नका, आरक्षण काढू नका. पण पुतण्यालाही माझं एक म्हणणं आहे : एका रविवारच्या कागदावर ते मिळू नयेत. मोसमावर मिळावेत. तीन जिल्ह्यांतली कॉलेजं शिवाजी विद्यापीठाला जोडलेली आहेत. ऑगस्ट ते नोव्हेंबर दर पंधरवड्याला एका कॉलेजच्या माळावर शर्यत ठेवा. कागलला, कराडला, इस्लामपूरला. सात पळतील, पाच मोजले जातील. सगळे निकाल त्याच दिवशी फळ्यावर लागतील. ज्यानं मोसमभर सहा शर्यती पळल्या, तो पस्तिसावा आला तरी त्याला त्याचे गुण द्या. सहा गावांच्या लोकांनी सहा वेळा ज्याला चिखलात बघितलं, त्याचं बोगस प्रमाणपत्र कुणी कसं छापेल? आणि जो कधी पळालाच नाही, तो त्या सहा शर्यती आणणार कुठून?

खर्च येईल. बसचं डिझेल, केळी, चुना, थोडे बूट. १९५२ ला खाशाबा जाधवांना हेलसिंकीला पाठवायला राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकलं, ही गोष्ट आपण अभिमानानं सांगतो. विद्यार्थ्याचा खेळ ही कॉलेजची जबाबदारी आहे असं त्या प्राचार्यांनी मानलं होतं. आज कुणी घर गहाण टाकायला नको, बस काढली तरी पुरे.

भावाला हे अजून पटलेलं नाही. तो म्हणतो, शर्यतींच्या नोंदी ठेवणारे तेच असतील ज्यांनी बोगस कागद दिले. त्याच्या बोलण्यात तथ्य आहे, म्हणून निकाल फळ्यावर, गावासमोर, त्याच दिवशी, यावर मी अडून बसलोय.

पुतण्यानं मात्र घड्याळ घरी ठेवलं. आता गावातली सात पोरं रविवारी जोतिबाच्या चढाला सावकाश पळतात. परवा त्याचा मेसेज आला, "काका, पहिले चौघं एकत्र वर पोचलो. पाचवा अकरा मिनिटं मागं. थांबलो आम्ही त्याच्यासाठी. ह्याला लवकर कसा आणायचा?" मी विचारलं, तो पळायच्या आधी काय करतो? कळलं की तो पहाटे चारला उठून धारा काढतो, डेअरीला दूध घालतो आणि चहासुद्धा न घेता तसाच पळायला येतो. मी लिहिलं, त्याला आधी भाकरी खाऊ दे, आणि तुम्ही सगळे तासभर उशिरा निघा.