शोपँच्या मयताला लिस्ट गेलाच नव्हता
माझी भाची गेले चार महिने संगीतकार लिस्टची ‘फ्युनराय’ ही पियानोरचना बसवतेय. परवा क्लासच्या कार्यक्रमासाठी लिहिलेलं निवेदन तिनं मला पाठवलं आणि पहिल्याच ओळीला माझं डोकं फिरलं : ‘मित्र शोपँ गेल्याचं कळताच लिस्टनं एका रात्रीत रचलेला हा विलाप त्याच्या अंत्यसंस्कारात स्वतः वाजवला.’ कुठून आणलंस म्हटलं, तर दादानं फॅमिली ग्रुपवर टाकलेला फॉरवर्ड. खाली हात जोडलेले तीन इमोजी.

आधी ते ‘स्वतः वाजवला’ बघू, कारण थापेलाही काही हद्द असते. पोलिश संगीतकार शोपँ पॅरिसमध्ये १७ ऑक्टोबर १८४९ ला गेला. अंत्यसंस्कार ३० तारखेला, मादलेन चर्चमध्ये. तिथे काय वाजलं हे काही गुपित नाही. मोझार्टचं रेक्विएम, म्हणजे मृतांसाठीची प्रार्थना, गायलं गेलं. शोपँचाच फ्युनरल मार्च, अंत्ययात्रेची चाल, रेबर नावाच्या संगीतकारानं वाद्यवृंदासाठी बसवला होता, तो झाला. शोपँचेच ई मायनर आणि बी मायनर प्रेल्यूड, म्हणजे छोटे तुकडे, ऑर्गनवर झाले. यात ‘फ्युनराय’ कुठाय? लिस्ट तर तेव्हा जर्मनीत, वायमारच्या दरबारी नोकरीत. फॉरवर्डवाल्यानं त्याला पियानोसकट चर्चमध्ये नेऊन बसवलं, वर पट्ट्यांवर आसवंही सांडली.

फॉरवर्डवाले म्हणतील, ‘रचनेच्या नावाखालीच ऑक्टोबर १८४९ लिहिलंय, आणखी काय पुरावा हवा?’ तारीख आहे, कबूल. पण त्या महिन्यात एकटा शोपँच मेला का? त्याच्या अकरा दिवस आधी, ६ तारखेला, हंगेरीचा उठाव मोडून काढलेल्या ऑस्ट्रियानं सूड उगवला. अराद शहरात उठावाचे तेरा सेनानी मारले. चौघांना गोळ्या घालून, नऊ जणांना फासावर. त्याच दिवशी पेस्टमध्ये हंगेरीचे पहिले पंतप्रधान लायोश बात्यानी यांना गोळ्या घातल्या. लिस्ट जन्मानं हंगेरीचा. अ‍ॅलन वॉकर यांनी तीन खंडांत लिस्टचं चरित्र लिहिलंय, आणि ते ही रचना या हुतात्म्यांशीच जोडतात. मला तेवढं पुरे. ज्यांना पुरत नाही त्यांनी सुरुवात ऐकावी : खर्जात घंटा घणघणतात, आवाज चढत जातो, रणशिंगं फुंकल्यासारखं होतं आणि मग जड पावलांची एफ मायनरमधली चाल. दिवाणखान्यात हळुवार वाजवणाऱ्या माणसाला असा लष्करी निरोप कोण देतं?

एक गोष्ट मात्र नाइलाजानं मान्य. पुढे डावा हात ऑक्टेव्हमध्ये धावत सुटतो, तिथे शोपँची ए फ्लॅटमधली पोलोनेझ (पोलिश नाचाच्या चालीवरची रचना) आठवतेच. मित्राचं दुःख त्यात मिसळलं असेलही. पण म्हणून त्या तेरा जणांना आणि बात्यानींना पुसून सगळं शोपँच्या नावावर चढवायचं?

‘एका रात्रीत’ला पुरावा कुणीच देत नाही. रचना छापून आली १८५३ मध्ये, दहा तुकड्यांच्या संग्रहात सातवी.

राहता राहिली फॉरवर्डची शेवटची ओळ : ‘ही धून घरात वाजवू नये, अघटित घडतं.’ हिला उत्तरसुद्धा दिलं नसतं. पण ताईच्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, म्हणून ताईनं पोरीचा रियाज बंद केला. शेवटी मीच सासूबाईंना विचारलं. म्हणाल्या, ‘तो घंटेचा भाग येतो ना, तेव्हा खोलीचं दार उघडं ठेवायला सांग तिला. इथवर नीट ऐकू येत नाही.’