शंभरात तीनच न्यूरॉन का हवेत?

नमस्कार. मोकळेपणाने विरोध नोंदवलात, बरं वाटलं. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: लेंटिव्हायरस (जनुक पेशीत नेणारा व्हायरस) वापरला की डिशमधल्या शंभरापैकी ऐंशी-नव्वद न्यूरॉनमध्ये, म्हणजे चेतापेशींमध्ये, जनुक पोहोचतं, कॅल्शियम फॉस्फेटच्या बारीक कणांसोबत डीएनए पेशींवर टाकलं तर जेमतेम तीन-चारांत. मग १९७३ सालच्या या पद्धतीची माझी शिफारस म्हणजे निव्वळ काटकसर.

आकडे मान्य. काटकसरीचा मुद्दा मान्य नाही.

इतर पेशी विभागताना केंद्रकाचं आवरण काही वेळ मोडतं, तेव्हा बाहेरच्या डीएनएला आत शिरायला वाट मिळते. न्यूरॉन विभागतच नाहीत, त्यामुळे बहुतेक प्लाझमिड (जनुक वाहून नेणारं डीएनएचं कडं) दाराशीच अडकतं. लेंटिव्हायरसला ही अडचण येत नाही. नाल्दिनी, व्हर्मा आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये उंदराच्या मेंदूतल्या न्यूरॉनमध्ये ते दाखवून दिलं. इथवर आपलं एकमत आहे.

आता हिप्पोकॅम्पसचे (मेंदूतल्या स्मृतीशी संबंधित भागाचे) दोन-तीन आठवडे वाढवलेले न्यूरॉन डोळ्यांपुढे आणा. फांद्या एकमेकींत पार गुंतलेल्या असतात. नव्वद टक्के पेशी जीएफपीने (हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाने) हिरव्या झाल्या, तर कुठली फांदी कुणाची हे सांगता येत नाही. तीनच हिरव्या असतील, तर एकेका डेंड्राइटवरचे (संदेश घेणाऱ्या फांदीवरचे) काटे, म्हणजे जोडणीचे बारीक उंचवटे, मोजता येतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे शेजारी मूळचेच राहतात. सगळ्यांतलं जनुक बंद केलंत, तर अख्ख्या जाळ्याचा विद्युत-व्यवहार बदलतो. मग काटे कमी झाले ते त्या पेशीतल्या बदलामुळे की शेजारी गप्प झाल्यामुळे, हे कसं ठरवणार? माझी शिफारस या प्रश्नासाठी आहे, पैशांसाठी नव्हे.

पेशी फार मरतात, ही तुमची तक्रार खरी आहे, पण त्यावर उपाय आहे. डीएनएचे कण बनवताना बफरचा (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणाचा) पीएच ७.०५च्या आसपास काटेकोर ठेवा. तो थोडा जरी हलला तरी कण जाड होतात किंवा धरतच नाहीत. सूक्ष्मदर्शकाखाली ते बारीक रेतीसारखे दिसायला हवेत. काम झालं की किंचित आम्लधर्मी मीडियमने (पेशी वाढवण्याच्या द्रावाने) धुवा, कण विरघळतात. आणि पेशींचं आधी काढून ठेवलेलं जुनं मीडियमच परत घाला. बरेच जण इथे ताजं मीडियम ओततात आणि दुसऱ्या दिवशी डिश मेलेली सापडते.

वेस्टर्न ब्लॉट (सगळ्या पेशींतलं प्रथिन एकत्र काढून तपासण्याची चाचणी) करायचा असेल, तर मात्र व्हायरसच हवा. तीन टक्के पेशींतला फरक उरलेल्या सत्त्याण्णवांत बुडून जातो.

तुमचं जनुक साडेसहा हजार बेसचं (डीएनएच्या अक्षरांचं) आहे, असं लिहिलंत. एएव्हीत (जनुक नेणाऱ्या दुसऱ्या एका व्हायरसमध्ये) एकूण जेमतेम ४.७ हजार मावतात, म्हणजे तो बाद. लेंटिव्हायरसमध्ये बसेल, पण प्रमोटर (जनुक चालू करणारा डीएनएचा तुकडा) आणि जीएफपी जोडल्यावर मर्यादेला टेकाल आणि व्हायरसचं उत्पादन घटेल. बहुसंख्य पेशीच हव्या असतील, तर न्यूरॉन डिशमध्ये लावण्याआधी इलेक्ट्रोपोरेशन (विजेच्या झटक्याने पेशीत डीएनए घालणं) करून बघा. प्लाझमिडच्या लांबीवर तिथे तितकी कडक मर्यादा नाही.