साडूभाऊ आउट ऑफ फोकस

भाच्यानं नवा कॅमेरा घेतला आणि जुना माझ्या गळ्यात मारला. अक्षरशः. पट्टा मानेत अडकवून म्हणाला, "मामा, ऑटोवर काढू नका. एमवर, म्हणजे मॅन्युअलवर शिका की."

ऑटोचं सुख तेव्हा कळलं नव्हतं. ऑटोवर फोटो बिघडला तर 'कॅमेराच भिकार' म्हणून मोकळं होता येतं. एमवर सगळं आपल्या अंगावर.

पहिला धडा गच्चीत, पाण्याच्या टाकीशेजारी झाला. "समजा उजेड म्हणजे नळाचं पाणी. तोटी किती उघडली ते अ‍ॅपर्चर, किती वेळ उघडी ठेवली ते शटर. बादली भरली की एक्स्पोजर झालं." चार-पाच दिवसांआड पाणी येणाऱ्या घरात हे लगेच उतरतं. मी विचारलं, "आणि पाणी बारीक आलं तर?"

"तर आयएसओ, म्हणजे फोटो उजळ करणारा आकडा, वाढवायचा. म्हणजे बोअरचं मिसळायचं. बादली भरते, पण रेती येते."

रात्री सौ.चा ६४०० आयएसओवर फोटो काढला. गालावर खरंच रेती होती. असा फोटो तिला दाखवायचा नसतो, हे मात्र भाच्यानं शिकवलं नव्हतं.

तोटीचे आकडे उलटे, हा पुढचा घोळ. एफ १.८ म्हणजे सताड उघडी, एफ १६ म्हणजे थेंब थेंब. ५० मिलिमीटरच्या लेन्सला १.८ नं भागलं की जवळजवळ २८ मिलिमीटरचं भोक, १६ नं भागलं की जेमतेम ३ मिलिमीटरचं. डोक्यात बसेना. मग सोलापूरच्या नवी पेठेतून सामान घेऊन येताना पिशवी हलकी लागली आणि बसलं: आकडा मोठा, माल कमी. तेव्हापासून चुकलो नाही.

पण एक आठवलं की दुसरं विसरतं. एप्रिलच्या भर दुपारी भुईकोट किल्ल्यात गेलो. लख्ख उन्हात एफ १६ ठेवावं, आयएसओ १०० असेल तर शटर सेकंदाचा शंभरावा भाग. सोपा नियम, आणि लख्ख ऊन आमच्याकडे फुकट. फोटो बघतो तर बुरूज नाही, तट नाही, कागद कोरा. आयएसओ आदल्या रात्रीचा ६४००च होता. टोपीवर ओला रुमाल टाकून मी पडद्यात डोळे घालून उभा. एका पोरानं विचारलं, "काका, काय दिसतंय?" म्हटलं, "काही नाही." खरं तेच होतं.

तरी हे सगळं घरातल्या घरात मिटलं असतं. मे महिन्यात मेहुण्याच्या बाळाचं बारसं आलं.

तीन रांगा लावल्या. खाली चादर अंथरून पोरं आणि सासूबाईंच्या मांडीवर बाळ, मध्ये खुर्च्यांवर वडीलधारी, मागे पुरुषमंडळी. मी चाकं फिरवतोय, उजेड मोजणाऱ्या मीटरची रेघ एकदा इकडे, एकदा तिकडे. आत्याबाई ओरडल्या, "काढ की रे बाबा, हसून हसून जबडा दुखायलाय!" बाळ रडायला लागलं. खोलीत उजेड बेताचा, रेती नको म्हणून आयएसओ वाढवायचा नाही. मग राहिलं काय? केली तोटी सताड. शिवाय भाचा म्हणाला होताच, १.८ ला मागचं कसं लोण्यासारखं विरघळतं.

मागे थोरले साडू विरघळले.

सासूबाईंच्या नथीतला मोती न् मोती मोजावा असा. खुर्च्यांवरच्यांना मोतीबिंदू झालेला. आणि तिसऱ्या रांगेत नुसती वाफ. भोक जेवढं मोठं तेवढी स्पष्ट दिसणारी पट्टी अरुंद. तीन रांगा त्या हातभर पट्टीत कशा मावणार?

रात्री साडूंचा फोन. "बरं झालं, आमची जागा दाखवलीत."

"तसं नाही हो साडूभाऊ, डेप्थ कमी पडली. डेप्थ म्हणजे खोली..."

"तुमच्या मानानं आमची खोली कमीच असणार."

फोन बंद. सौ. म्हणाली, "अहो, बाकी कुणी मिळालं नाही का पुसायला?" हा अबोला जूनमध्ये सुटेल म्हणता म्हणता दिवाळी गेली.

जानेवारीत मात्र ते आले. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेला सोलापूरकर कुठूनही येतो, भांडण पुढच्या तारखेला ढकलून. उंच सजवलेले नंदीध्वज पाहिले, जिलेबी झाली, आणि होम मैदानावरचं शोभेचं दारूकाम बघायला ओळखीच्यांची गच्ची गाठली. ट्रायपॉड कुठला! कठड्यावर दोन चादरी घडी घालून ठेवल्या, त्यावर कॅमेरा. लहान १८ ची लेन्स, आयएसओ १००, एफ ८, शटर ४ सेकंद, बोटाचा धक्का नको म्हणून टायमर. टायमर चालू झाला आणि साडू नेमके कॅमेऱ्यासमोर येऊन कमरेवर हात ठेवून आकाशाकडे बघत उभे. हाक मारणार कोण? आठ महिन्यांचा अबोला. चार सेकंद ते पुतळ्यासारखे हलले नाहीत.

फोटोत आभाळभर सोनेरी झाडं आणि मधोमध साडू. काळे ठिक्कर. नाक नाही, डोळे नाहीत. पण माकडटोपीच्या गोंड्याचा धागा न् धागा सुटा.

मी कॅमेरा मिटवत होतो, तोवर त्यांनी मान घातली. बराच वेळ बघितलं.

"यात मात्र नीट आलोय हं," म्हणाले, "मला पाठवा."

आज सकाळपासून तोच त्यांचा डीपी आहे.