प्रायमरनं खळगा भरत नाही, भाऊ

‘डेंटरला कायले पैसे देता? खड्ड्यात पुट्टी भरा, पाणी मारून बोटांनी घासा, प्रायमरचे चार हात जाड मारा. उरलंसुरलं पेंट झाकून घेतो.’ गाडीचा चेपलेला पत्रा ठोकून सरळ करणाऱ्या डेंटरला टाळायचा असा मेसेज आपल्याकडच्या गावोगावच्या ग्रुपांवर फिरतो आहे. कापूस-सोयाबीनचे पैसे हाती आले की जुन्या गाडीला रंग द्यायचं बरेच जण ठरवतात. हे वाचून कुणी रंगाला हात घालायच्या आधी बोललेलं बरं.

पहिलं प्रायमरचं. सरफेसरचा, म्हणजे रंगाखाली मारायच्या जाडसर प्रायमरचा, एक हात वाळल्यावर साधारण २० ते ५० मायक्रॉन जाडीचा उरतो. अर्धा मिलिमीटर खोल खळगा म्हणजे ५०० मायक्रॉन. चार हातांत तो निम्माही भरत नाही. शिवाय प्रायमर खळग्यात बसतो तेवढाच शेजारच्या उंचवट्यावरही बसतो, म्हणजे पत्र्याचा आकार आहे तसाच राहतो. घाईनं जाड मारलेल्या थरातलं थिनर मात्र आत अडकतं. ते सावकाश उडतं, रंग खाली बसतो आणि घासल्याच्या रेघा वर येतात.

पेंट झाकतो, हे तर साफ उलट आहे. प्रायमरला चकाकी नसते म्हणून खळगा लपतो. चकाकी आली की त्यावरचं प्रतिबिंब वाकतं. काळ्या गाडीवर तर लांबूनही दिसतं.

आता घासणं. पुट्टी पत्र्यापेक्षा मऊ असते, त्यामुळे बोटांखाली तीच आधी झिजते आणि नवा खळगा पडतो. लांब, सपाट ब्लॉकला ८० नंबरचा पॉलिश पेपर लावा, मग १८०, आणि आडवा-तिडवा घासा. प्रायमर वाळल्यावर काळ्या स्प्रेचा अगदी हलका फवारा मारा आणि ३२०च्या पेपरनं ब्लॉक फिरवा. काळं उरलं तिथं खळगा आहे. पत्रा उघडा पडला तिथं उंचवटा आहे. तिथं घासत बसू नका, हातोडीनं हलकेच खाली बसवा. खळग्यावर पुट्टी ओढताना त्याच्या कडेच्या बरीच बाहेरपर्यंत न्या, नाहीतर कड दिसत राहते.

पाणी पुट्टीवर नकोच. तिच्यात टाल्क (एका मऊ दगडाची भुकटी) असतं, ते ओल धरतं. मग खालून गंज आणि वरून फोड. कोरडंच घासा, तोंडाला मास्क लावून.

पुट्टी लागतेच, ते मेसेजमधलं खरं आहे. पण पत्रा ठोकून जागेवर आणल्यावर, ३ मि.मी.च्या आत. पुट्टी घट्ट करायचं हार्डनर साधारण २ टक्के, डबा सांगेल तेवढंच. जास्त झालं तर रंगावर पिवळट डाग उमटतो. मे महिन्यात ४५ अंशांत पुट्टी पट्टीवरच आवळते, म्हणून सकाळी, सावलीत, मूठभरच कालवा.

काम गॅरेजला दिलं असेल तर पेंटरदादांना सांगून ठेवा: काळा फवारा मारून घासलेली गाडी रंगाआधी मला दाखवा.