‘अर्ध्या तासात वेबसाइट होते की ओ’ ह्या प्रतिक्रियेला उत्तर

‘पहिली वेबसाइट हाताने लिहा’ ह्या माझ्या लेखाखाली टिळकवाडीच्या एका वाचकांनी मोठी प्रतिक्रिया लिहिली आहे. त्यांचे चार मुद्दे आहेत. एक, फाइलच्या नावाबद्दल मी चुकीचं लिहिलं. दोन, डोमेनचा, म्हणजे वेबसाइटच्या स्वतःच्या नावाचा, खर्च मी ‘लपवला’. तीन, बेळगावात राहून कन्नडचा उल्लेखही केला नाही. आणि चौथा मुद्दा त्यांच्याच शब्दांत: “आजच्या काळात नोटपॅडवर एचटीएमएल लिहायला लावणं म्हणजे पोरांचा वेळ घालवणं. बिल्डरवर अर्ध्या तासात वेबसाइट होते की ओ. तुमच्यासारख्या लोकांमुळेच आपली बेळगावची पोरं मागे राहतात.” (एचटीएमएल म्हणजे वेबपान लिहायची खुणांची भाषा; बिल्डर म्हणजे ती न लिहिता तयार साच्यावरून वेबसाइट करून देणारी सेवा.)

फाइलच्या नावाचा मुद्दा बरोबर आहे, तो आधी मान्य करतो. ‘फोटोच्या फाइलला कुठलंही नाव चालेल’ असं मी लिहिलं होतं, ते चूक. विंडोजला कॅपिटल आणि स्मॉल अक्षरांतला फरक कळत नाही, पण बहुतेक सर्व्हर, म्हणजे साइट जिथे ठेवतात ते कॉम्प्युटर, लिनक्सवर चालतात आणि तिथे तो कळतो. मोबाइलवरून घेतलेल्या फोटोच्या नावाचं शेपूट ‘जेपीजी’ पुष्कळदा कॅपिटलमध्ये असतं. पानात तेच स्मॉलमध्ये लिहिलं तर घरच्या कॉम्प्युटरवर फोटो दिसतो आणि साइट वर चढवली की गायब होतो. म्हणून नावं सगळी स्मॉल रोमन अक्षरांत ठेवा, मध्ये जागा सोडू नका, दोन शब्द जोडायचे तर आडवी रेघ द्या. मूळ लेखात दुरुस्ती केली आहे.

आता ‘तुमच्यासारख्या लोकांमुळे’. साहेब, तुम्ही मला ओळखत नाही. लेख आवडला नाही तर लेखावर बोला, माझी काही तक्रार नाही. पण गावातल्या पोरांच्या मागासपणाचं खापर माझ्या एका लेखावर फोडायचं आणि वर ‘आपली बेळगावची पोरं’ म्हणून जवळीक दाखवायची, हे मला अजिबात पटलं नाही. इथली पोरं मागे आहेत हे तुम्ही कशावरून ठरवलंत? ज्या गावात व्हीटीयूचं, म्हणजे विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचं, मुख्यालय आहे, जिथे घरात मराठी, बाजारात कन्नड, कॉलेजात इंग्रजी आणि टीव्हीवर हिंदी अशा चार भाषा पोरं वापरतात, तिथल्या पोरांना पहिल्या पानाच्या सोळा ओळी लिहिणं झेपणार नाही, असं मी म्हणणार नाही. तुमच्या प्रतिक्रियेचा अर्थ मात्र तोच होतो.

आणि तो अर्धा तास. बिल्डरला माझा विरोध नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनाचं पान दोन दिवसांत हवं असेल तर गुगल साइट्सवर खुशाल करा. पण अर्ध्या तासात नेमकं काय होतं? टेम्पलेटमधला, म्हणजे तयार साच्यातला, रोमन मजकूर खोडून आपलं नाव टाकून होतं. खरं काम त्याच्या पुढे सुरू होतं, आणि मराठी माणसाचं तर हमखास तिथेच अडतं.

ही टेम्पलेटं रोमन अक्षरं डोळ्यांसमोर ठेवून केलेली असतात. पुष्कळ टेम्पलेटांच्या मथळ्यांना लेटर-स्पेसिंग दिलेलं असतं, म्हणजे दोन अक्षरांमध्ये मुद्दाम सोडलेली जागा. रोमनमध्ये ते छान दिसतं. तिथे ‘निपाणी’ लिहून बघा. ‘नि’, ‘पा’ आणि ‘णी’ ह्यांच्या मधली शिरोरेघ तुटते आणि एका शब्दाचे तीन तुकडे दिसतात. दुसरी गोष्ट ओळींमधल्या अंतराची. मथळ्याची लाइन-हाइट बऱ्याचदा १.१ किंवा १.२ असते. ‘खानापूर’ वरच्या ओळीत आणि त्याच्या बरोबर खाली ‘कीर्तन’ आलं की वरचा उकार खालच्या वेलांटीला आणि रफाराला जाऊन भिडतो. मराठी मजकुराला १.६ ते १.८ अंतर लागतं, मथळ्याला निदान १.४ तरी हवं. तिसरी गोष्ट फॉन्टची. टेम्पलेटच्या देखण्या फॉन्टमध्ये देवनागरी नसेल तर ब्राउझर स्वतःच दुसरा फॉन्ट लावतो: विंडोजवर बहुधा निर्मला यूआय, अँड्रॉइडवर नोटो. म्हणजे खडेबाजारातल्या दुकानाच्या कॉम्प्युटरवर पान एक दिसतं आणि गिऱ्हाइकाच्या हातातल्या मोबाइलवर वेगळं.

ह्या तिन्हींवर इलाज सीएसएसच्या, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेच्या, तीन ओळींत आहे. लेटर-स्पेसिंग शून्य करा, लाइन-हाइट वाढवा, आणि फॉन्ट-फॅमिलीत देवनागरी असलेला फॉन्ट लिहा. मुक्त, बालू, तिरो देवनागरी मराठी हे तिन्ही गुगल फॉन्ट्सवर फुकट मिळतात. पण ज्याने आयुष्यात सीएसएसची एक ओळ लिहिलेली नाही, त्याला ह्या तीन ओळी कुठे घालायच्या ते कळणार कसं? काही बिल्डरांत तर स्वतःचं सीएसएस लिहायची मुभा पैसे भरल्यावरच मिळते. तुमचा अर्धा तास तिथे संपतो आणि पोरगा ‘मराठी वेबसाइट चांगली दिसतच नाही’ असं म्हणून इंग्रजीत लिहायला लागतो. माझा राग आहे तो ह्याच्यावर. मी डीटीपीच्या, म्हणजे छपाईसाठी मजकूर कॉम्प्युटरवर मांडायच्या, कामातून ह्यात आलो, मराठी अक्षर पडद्यावर नीट बसवणं हेच माझं रोजचं काम आहे. मला ‘नोटपॅडला चिकटून बसलेला’ म्हणण्याआधी एवढं विचारायला हवं होतं.

हाताने लिहायचं म्हणजे तरी किती? पहिल्या पानाला साधारण सोळा ओळी पुरतात. सुरुवातीला डॉकटाइप, म्हणजे हे एचटीएमएलचं पान आहे असं ब्राउझरला सांगणारी ओळ. मग एचटीएमएलच्या टॅगमध्ये, म्हणजे कोनी कंसातल्या खुणेत, ‘लँग’ म्हणून भाषा सांगायची, मराठीचा कोड एम-आर. हा कोड उगीच नसतो. दृष्टिहीन वाचकांचं स्क्रीन-रीडर त्यावरून कुठल्या भाषेत वाचायचं ते ठरवतं. ज्या फॉन्टमध्ये सोय आहे तिथे ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे दिसतात, तिथेच हिंदीचा एच-आय लिहिला तर हिंदी वळणाचे. मग हेडमध्ये, म्हणजे ब्राउझरला सूचना देणाऱ्या भागात, तीन ओळी: कॅरसेट यूटीएफ-८ (अक्षरं कुठल्या पद्धतीने साठवली आहेत ते), व्ह्यूपोर्ट (पान किती रुंद धरायचं ते) आणि शीर्षक. व्ह्यूपोर्ट विसरलात तर मोबाइल ते पान साधारण ९८० पिक्सेल रुंद आहे असं धरून चालतो आणि सगळं बारीक, मुंगीएवढं दिसतं. त्याखाली बॉडी, म्हणजे वाचकाला दिसणारा भाग. एक मथळा, दोन परिच्छेद, एक फोटो आणि ईमेलची लिंक.

आता ह्यात काय काय बिघडतं ते सांगतो, कारण शिकणं तिथेच होतं.

पहिला बिघाड नावाचा. नोटपॅडमध्ये ‘इंडेक्स डॉट एचटीएमएल’ नाव दिलं, तरी फाइल ‘इंडेक्स डॉट एचटीएमएल डॉट टीएक्सटी’ ह्या नावाने सेव्ह होऊ शकते. विंडोज शेवटचं शेपूट लपवतं, म्हणून डोळ्यांना सगळं ठीक दिसतं. फाइलवर डबल-क्लिक केलं की ब्राउझरऐवजी पुन्हा नोटपॅडच उघडतं. सेव्ह करताना ‘सेव्ह ॲज टाइप’मध्ये ‘ऑल फाइल्स’ निवडा, आणि एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’ मेनूत जाऊन फाइल-नेम एक्स्टेन्शन दाखवण्याची खूण कायमची करून ठेवा.

दुसरा बिघाड अक्षरांचा, आणि ह्याला नवशिके सगळ्यात जास्त घाबरतात. पान उघडलं की मराठीच्या जागी रोमन ए दिसतो, डोक्यावर तिरपी रेघ असलेला, पुन्हा पुन्हा तोच, आणि मधे मधे चित्रविचित्र चिन्हं. पोरांना वाटतं फाइल बिघडली. काही बिघडलेलं नसतं. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीची प्रत्येक खूण, मग ते अक्षर असो की वेलांटी, तीन बाइटांत साठवतात आणि त्यातला पहिला बाइट दर वेळी तोच असतो. कॅरसेटची ओळ नसली की ब्राउझर ते तीन बाइट तीन सुटी रोमन चिन्हं म्हणून वाचू शकतो, आणि तो पहिला बाइट म्हणजे तो तिरप्या रेघेचा ए. कॅरसेटची ओळ घाला, पान रिफ्रेश करा, मराठी जागेवर येते. मात्र अक्षरांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं दिसत असतील तर प्रकार वेगळा आहे. तेव्हा फाइल ‘ॲन्सी’मध्ये, म्हणजे देवनागरी न मावणाऱ्या जुन्या पद्धतीत, सेव्ह झालेली असते आणि मराठी खरोखर पुसलेली असते, ती परत टाइप करावी लागते. २०१९ च्या विंडोज १० अपडेटपासून नोटपॅड आपणहून यूटीएफ-८ निवडतं. त्याआधीचं विंडोज असेल तर सेव्ह करताना एन्कोडिंगच्या खान्यात यूटीएफ-८ आहे ना ते बघा.

तिसरा बिघाड पत्त्याचा. फोटोचा पत्ता म्हणून सी ड्राइव्हपासूनचा पूर्ण मार्ग चिकटवला की फोटो फक्त तुमच्याच कॉम्प्युटरवर दिसणार. फोटो पानाच्याच फोल्डरमध्ये ठेवा आणि नुसतं नाव लिहा.

हे तीन बिघाड एकदा भोगले की पुढे कुठलाही बिल्डर वापरताना माणूस अडत नाही, कारण आत काय आहे ते त्याने बघितलेलं असतं. आणि हे तिन्ही भोगून, दुरुस्त करून, पान तयार व्हायला एक रविवार पुरतो.

आपल्या भागातली एक गोष्ट तुमच्या अर्ध्या तासात कुठेच बसत नाही. मंडळाचा अहवाल, दुकानाचं माहितीपत्रक, आजोबांच्या कविता, असा पुष्कळ मजकूर डीटीपीवाल्याकडे श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये पडलेला असतो. तो कॉपी करून बिल्डरमध्ये टाकला काय किंवा नोटपॅडमध्ये टाकला काय, रोमन अक्षरांचा खिमाच दिसणार. त्या फॉन्टांत रोमन अक्षरांच्याच जागांवर देवनागरीचे आकार बसवलेले असतात. फॉन्ट काढला की खाली राहतात ती रोमन अक्षरं. कन्नडमध्ये जुन्या नुडी फॉन्टांचंही असंच आहे. कन्व्हर्टर वापरून मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिपींसाठीच्या सामायिक पद्धतीत, आणावा लागतो आणि मग डोळ्यांत तेल घालून वाचावा लागतो. विशेषतः जोडाक्षरावरची पहिली वेलांटी, रफार आणि ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ मधला ऱ्या. दहा पानी अहवालाला एक अख्खी संध्याकाळ जाते. हे काम पोरांना सांगायचं सोडून ‘अर्ध्या तासात होते’ म्हणणं मला बेजबाबदारपणाचं वाटतं.

डोमेनचं थोडक्यात. मी काही लपवलं नाही. पहिल्या दिवशी डोमेन लागतच नाही म्हणून लिहिलं नाही. गिटहब पेजेस ही साइट ठेवायची सेवा आहे. त्यासाठी गिटहबवर खातं काढा, खात्याचं नाव आणि पुढे ‘डॉट गिटहब डॉट आयओ’ ह्याच नावाची पब्लिक रिपॉझिटरी, म्हणजे सगळ्यांना दिसणारं फोल्डर, करा, त्यात इंडेक्सची फाइल आणि फोटो चढवा. पान दिसायला दहा मिनिटंही लागू शकतात, म्हणून लगेच घाबरू नका. पैसे लागत नाहीत. साइटला एक जीबीची मर्यादा आहे, पण मोबाइलचा चार-पाच एमबीचा फोटो १२०० पिक्सेल रुंदीला आणून चढवला तर तो दोन-तीनशे केबीत बसतो आणि ती मर्यादा गाठायची वेळ येत नाही. फोटो घरातला असेल तर त्यात दडलेलं लोकेशनही काढून टाका, नाहीतर घराचा ठावठिकाणा जगजाहीर होतो. पुढे डॉट इन किंवा डॉट भारत घ्यायचं ठरलं, तर पहिल्या वर्षाच्या सवलतीला भुलू नका, दुसऱ्या वर्षापासूनचा नूतनीकरणाचा दर विचारा. आणि डोमेन स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर घ्या. साइट करून देणाऱ्याच्या नावावर ते राहिलं तर उद्या भांडण झाल्यावर आपलं नाव आपल्या हातात नसतं.

कन्नडबद्दल एवढंच: लेख मराठी पानाविषयी होता. कन्नड मजकूर त्याच फाइलमध्ये घालता येतो, यूटीएफ-८ ला दोन्ही लिपी सारख्याच. कन्नड परिच्छेदाच्या टॅगला के-एन हा कोड द्या आणि फॉन्ट-फॅमिलीत एक कन्नड फॉन्ट जोडा, झालं. ह्यावरून माझ्या मनात काय आहे ते तुम्ही ठरवू नका.

तुम्ही बिल्डरवर केलेल्या साइटचा पत्ता प्रतिक्रियेत दिलेला नाही. दिलात तर मोबाइलवर आणि विंडोजवर, दोन्हीकडे उघडून बघेन आणि मथळ्याची शिरोरेघ, ओळींचं अंतर, भाषेचा कोड काय आहे ते इथेच लिहीन. बरोबर असेल तर बरोबर म्हणेन. पण पुढच्या प्रतिक्रियेत ‘तुमच्यासारखे लोक’ असं आलं, तर ती मी छापणार नाही.