आधी झाड विचारा, मग नाव

पावसाळा लागला की ओळखीचे-अनोळखी लोक मला फोटो पाठवू लागतात. भिंतीवर, पडद्यावर नाहीतर गॅलरीच्या जाळीवर बसलेला एखादा मोठा पतंग, आणि खाली ठरलेले दोन प्रश्न. 'दुर्मिळ आहे का?' आणि 'विषारी आहे का?' घरात आलेल्या जिवाबद्दल विचारायचा पहिला प्रश्न या दोन्हींतला एकही नाही, असं माझं ठाम मत आहे. पहिला प्रश्न हा, की हा कुठल्या झाडावर वाढला?

ॲटलास पतंगाचंच घ्या. कोकणातून आणि घाटमाथ्यावरच्या गावांमधून 'दुर्मिळ ॲटलास पतंग आढळला' ही बातमी पावसाळ्यात हमखास येते. हमखास येणाऱ्या पाहुण्याला दुर्मिळ कसं म्हणायचं? सह्याद्रीच्या झाडीत तो राहतोच. त्याची अळी दालचिनी, पेरू, लिंबाच्या जातीची झाडं अशा नाना झाडांवर पोसते. वीतभर पंखांचा, पंखांच्या टोकाला सापाच्या तोंडाचा भास देणारा हा पतंग आपल्याला क्वचित दिसतो, कारण कोषातून बाहेर आल्यावर तो जेमतेम आठवडाभर, फार तर थोडा जास्त जगतो. त्याला खाण्यासाठी तोंडच नसतं. अळी असताना साठवलेल्या चरबीवर तो जोडीदार शोधतो, मादी अंडी घालते, संपलं. म्हणून त्याला बरणीत ठेवून साखरपाणी देणाऱ्यांना मी कळकळीनं सांगतो, तुम्ही त्याची भूक भागवत नाही, त्याच्या मोजक्या रात्रींतली एक रात्र काढून घेता. मिशा पिसांसारख्या रुंद असतील तर तो नर, मादीचा गंध हुंगत निघालेला. व्हरांड्यातला दिवा बंद करा, तो आपला आपण जाईल. चंद्रपतंगाचंही तेच. फिकट हिरवा, मागच्या पंखांना लांब शेपट्या, आणि त्यालाही खायला तोंड नाही.

झाड विचारण्याचा फायदा कुंडीतल्या तगरीपाशी लगेच कळतो. पानं भराभर गायब होतात, खाली फरशीवर लेंड्या पडलेल्या असतात, आणि शोधलं की बोटाएवढी हिरवी जाड अळी सापडते. तिला डिवचलं की पुढच्या भागावर दोन निळे डोळे उघडल्यासारखे दिसतात. लोक घाबरतात ते इथेच. ते खरे डोळे नव्हेत, पक्ष्याला दचकवायचे ठिपके आहेत. तगर, कण्हेर, सदाफुली यांवर अशी अळी दिसली की पुढे तिचा हिरव्या-गुलाबी नक्षीचा देखणा कण्हेर-पतंग होणार, हे बऱ्याच खात्रीनं सांगता येतं. फोटो धूसर असला तरी झाडाचं नाव पुरतं. तीळ किंवा वांग्यावर मागच्या टोकाला शिंग असलेली तशीच जाडजूड अळी असेल, तर ती बहुधा पाठीवर कवटीचं चित्र असणाऱ्या पतंगाची. तो पतंग पोळ्यात शिरून मध पितो आणि हातात धरला तर चिरकतो. त्या कवटीला घाबरून त्याला चपलेनं मारणं मला फार लागतं.

सगळेच निरुपद्रवी आहेत, असं मी म्हणत नाही. विदर्भातल्या संत्रा बागायतदाराला विचारा. मागचे पंख नारिंगी असलेला रसशोषक पतंग संध्याकाळनंतर फळाला सोंड खुपसतो, मग तिथे सड लागते आणि फळ गळतं. त्याची अळी मात्र संत्र्यावर नसतेच, ती बांधावरच्या गुळवेल-वासनवेलीवर वाढते. नुसत्या संत्र्याच्या झाडाकडे बघणाऱ्याला हे कधीच कळणार नाही.

आणि घोणस अळी. २०२२ च्या पावसाळ्यात 'चावली की माणूस पाच मिनिटांत दगावतो' असे मेसेज गावोगाव फिरले आणि माणसं शेतात जायला घाबरली. ती चावत नाही. तिचे काटेरी केस टोचतात आणि भयंकर आग होते. चिकटपट्टी लावून केस काढावेत, जागा धुवावी, बर्फ लावावा. ॲलर्जीची लक्षणं दिसली, श्वासाला त्रास झाला, तर ताबडतोब डॉक्टर गाठावा. एवढी साधी माहिती त्या मेसेजइतकी का पसरली नाही, याचा मला आजही राग येतो.

घरातल्या घरात खरोखर जपायचं ते एका बारीक, मुंगीसारख्या दिसणाऱ्या नारिंगी-काळ्या किड्याला. पावसाळ्यात तो ट्यूबलाइटकडे येतो. मानेवर बसला तर चिरडू नका, त्याच्या अंगातल्या द्रवानं कातडी भाजल्यासारखी होते. कागदानं बाजूला सारा आणि साबणानं धुवा. उलट, भिंतीवर सरकणारी ती भोपळ्याच्या बीएवढी करडी पिशवी, जिच्यासाठी लोक स्प्रे मारतात, ती कोळिष्टकं आणि केस खाणाऱ्या अळीचं घर आहे. झाडू मारला की पुरे.

तेव्हा फोटो जरूर पाठवा, पण सोबत गाव, तारीख आणि आसपासची झाडं लिहा. जमलं तर पंखांची खालची बाजूही येऊ द्या. वार्ताहर मित्रांनाही हीच विनंती. 'दुर्मिळ' छापायच्या आधी त्या घराच्या परसात काय लावलंय, एवढं विचारून घ्या.