‘फुकटच्या सॉफ्टवेअरची फाइल प्रेस घेत नाही’ म्हणणाऱ्यांना

नाशिकच्या डीटीपीवाल्यांच्या (संगणकावर छपाईची पानं लावणाऱ्यांच्या) ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. फुकटच्या सॉफ्टवेअरची फाइल प्रेस घेत नाही, त्यात रंग सीएमवायके (छपाईच्या चार शायांचे) होत नाहीत, मराठी तुटतं, आणि धंद्यासाठी वापरलं तर केस होते. त्यापेक्षा पाचशे रुपयांत क्रॅक (विकतच्या सॉफ्टवेअरची चोरटी प्रत) टाकून घ्या, असा सल्ला. माझी भाची पंचवटीत घरूनच स्मरणिका, लग्नपत्रिकांची कामं घेते. मेसेज वाचून ती क्रॅक टाकून घ्यायला निघालीच होती, म्हणून हे लिहितोय.

आधी तो केसचा मुद्दा, कारण सगळ्यात घातक तोच आहे. स्क्रायबस हे पानं लावायचं मोफत सॉफ्टवेअर जीपीएल या मुक्त परवान्याखाली मिळतं. प्रोग्राम चालवण्यावर कसलंही बंधन नाही, असं त्या परवान्यातच लिहिलंय. घरी चालवा, दुकानात चालवा, त्यावर कामं करून बिलं फाडा. केस होते ती क्रॅकवर. कॉपीराइट कायदा १९५७, कलम ६३ब काढून वाचा: प्रत बेकायदा आहे हे माहीत असूनही ती संगणकावर वापरली तर किमान ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. वापर धंद्यासाठी नसेल तर कोर्ट कैद टाळू शकतं, पण पैसे घेऊन पत्रिका करणाऱ्या मुलीला ती सवलत कुठून मिळणार? तिला केसची भीती घालायची आणि केस होईल तेच हातात द्यायचं, याला सल्ला म्हणतात का?

आता रंग. इंकस्केप या चित्रं काढायच्या मोफत सॉफ्टवेअरमधून थेट काढलेली पीडीएफ आरजीबीत (स्क्रीनच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांत) निघते, एवढं खरं आहे. ती तशीच प्रेसला दिली की काळा मजकूर चार रंगांत फुटतो. प्रत्येक शाईची प्लेट वेगळी असते, मग एखादी केसभर जरी सरकली तरी बारीक अक्षरांच्या शिरोरेषेला लाल-निळी कड दिसते. असली छपाई हातात आल्यावर लोक ‘फुकटचं सॉफ्टवेअर’ म्हणून मोकळे होतात. पण पानं लावायला इंकस्केप नसतंच, त्यासाठी स्क्रायबस आहे. त्यातला ‘ब्लॅक’ म्हणजे फक्त काळ्या शाईचा शंभर टक्के. कलर मॅनेजमेंट (रंग छपाईशी जुळवायची सोय) चालू करा, म्हणजे एक्स्पोर्टच्या खिडकीत पीडीएफ/एक्स-१ए आणि एक्स-३ हे पर्याय दिसू लागतात. ते बंद असेल तर पर्याय दिसतच नाहीत, आणि बहुतेक जण तिथेच हात टेकतात. पीडीएफ/एक्स हे छपाईसाठीच ठरवलेलं आयएसओ मानक आहे. फाइल कोणत्या सॉफ्टवेअरमधून आली याच्याशी प्लेट काढणाऱ्या मशीनला काही देणंघेणं नसतं. शिवाय फोटो कमी रिझोल्युशनचा असेल किंवा मजकूर चौकटीबाहेर सांडला असेल, तर पीडीएफ काढण्याआधी स्क्रायबस स्वतःच टोकतं.

मराठी तुटण्याची तक्रार स्क्रायबसच्या १.४ आवृत्तीपर्यंत अगदी रास्त होती. ‘विश्व’मधली वेलांटी व-च्या उजवीकडे जाऊन बसायची आणि श-चा पाय मोडायचा. नंतर १.५ च्या मालिकेत हार्फबझ (अक्षरांची जुळणी करणारा प्रोग्राम) आलं आणि जोडाक्षरं नीट जुळू लागली. २०२४ च्या जानेवारीत आलेल्या १.६ या स्थिर आवृत्तीत तर ते सगळं आहेच. मेसेज लिहिणाऱ्यानं जुनी आवृत्ती पाहून मत बनवलेलं दिसतं. युनिकोड फॉन्ट मात्र हवा. ‘मुक्त’, ‘नोटो’ हे फॉन्ट मोफत आहेत आणि व्यावसायिक कामालाही चालतात. युनिकोड नसलेल्या जुन्या श्रीलिपी फॉन्टमधला मजकूर असेल तर तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागेल, त्याला इलाज नाही.

राहता राहिला प्रेसचा प्रश्न. शेवटच्या क्षणी तारीख-नाव बदलता यावं म्हणून काही प्रेस ‘कोरलची ओपन फाइल द्या’ (म्हणजे कोरलड्रॉ सॉफ्टवेअरमधली, बदल करता येणारी) म्हणतात. तिथे पीडीएफ चालणार नाही, हे मान्य. पण काम घेण्याआधी हे एका फोनवर विचारता येतं: पीडीएफ/एक्स चालेल का, ब्लीड (कापण्यासाठी पानाबाहेर वाढवलेली कड) किती ठेवू, रंगांचं प्रोफाइल कोणतं? नाही म्हणाले तर दुसरा प्रेस बघा.